तालमीच्या खोलीत संहिता धरून बसताना

शुभारंभाच्या प्रयोगात प्रेक्षकांना जे दिसते, त्यातील बहुतेक सारे त्याआधीचा महिना-दीड महिना एखाद्या शाळेच्या सभागृहात, एखाद्या संस्थेच्या वरच्या मजल्यावरील खोलीत किंवा तासांच्या हिशेबाने भाड्याने घेतलेल्या एखाद्या जागेत ठरलेले असते. तेथे प्रकाशयोजना नसते, नेपथ्य नसते, रंगभूषा नसते. चार खुर्च्या, एक टेबल, डोक्यावर करकरणारा पंखा, हातात संहिता घेतलेले नट, समोर दिग्दर्शक, आणि त्याच्या शेजारी किंवा थोडी मागे बसलेली एक व्यक्ती, जिच्याकडे संहितेची सर्वांत जाड झालेली आणि सर्वांत जास्त खाडाखोड असलेली प्रत असते. ती व्यक्ती म्हणून मी हौशी, प्रायोगिक आणि व्यावसायिक अशा तिन्ही प्रकारच्या नाटकांत अनेक वर्षे काम करीत आले आहे. श्रेयनामावलीत कधी सहायक दिग्दर्शक म्हणून, कधी रंगमंच व्यवस्था म्हणून माझे नाव आले. काम मात्र दरवेळी तेच होते.

या कामाकडे हमालीचा एक प्रकार म्हणून पाहिले जाते, आणि त्यात हमाली आहेच. खुर्च्या उचलाव्या लागतात, किल्ली आणून जागा उघडावी लागते, चहाचे पैसे चुकते करावे लागतात. परंतु या कामाचा गाभा वेगळा आहे असे मला ठामपणे वाटते. नटाला तालमीत चुकण्याची मुभा हवी असते. एखादे वाक्य दहा पद्धतींनी म्हणून त्यातील नऊ टाकून देण्याइतका मोकळेपणा त्याला हवा असतो. हा मोकळेपणा त्याला तेव्हाच लाभतो, जेव्हा त्याच्याभोवतीच्या बाकीच्या सर्व गोष्टी रोज न चुकता त्याच जागी असतात. कालचे दार आज दोन फूट सरकलेले असेल, काल ठरलेली हालचाल कोणालाच आठवत नसेल, विसरलेला शब्द वेळेवर मिळणार नसेल, तर नटाचे अर्धे मन या गोष्टी सांभाळण्यात गुंतते आणि भूमिकेसाठी उरलेले अर्धे मन पुरत नाही. ते पहिले अर्धे मन त्याला मोकळे करून देणे, हे तालमीतील पडद्यामागच्या माणसाचे काम आहे.

त्याची सुरुवात जमिनीपासून होते. नेपथ्यकाराचा आराखडा हाती आला की तालमीच्या फरशीवर रंगीत चिकटपट्टीने तो प्रत्यक्ष मापात उमटवायचा असतो. भिंत कोठे संपते, खिडकी कोठे आहे, पायरी किती उंच आहे, सोफ्याच्या मागून जायला किती वाट उरते, हे सारे या पट्ट्यांवरून नटाच्या पायांना शिकायचे असते. शाळेचे सभागृह रंगमंचापेक्षा अरुंद असेल तर आराखडा दाबून लहान करण्याचा मोह होतो, आणि तो टाळलाच पाहिजे. त्यापेक्षा एक बाजू पूर्ण मापात आखावी आणि दुसरी बाजू खोलीच्या दाराबाहेर आहे असे धरून चालावे. पाच पावलांत म्हणायचे वाक्य नटाने तीन पावलांत बसवले, तर प्रत्यक्ष रंगमंचावर उरलेल्या दोन पावलांचे काय करायचे हा प्रश्न त्याला ऐन प्रयोगात पडतो. दाराच्या बाबतीत तर आणखी बारकावा आहे. दार आत उघडते की बाहेर, बिजागरी कोणत्या बाजूला आहे, कडी आहे की नुसते ढकलायचे आहे, यावरून नटाचा कोणता हात पुढे येणार आणि आत शिरताना त्याचे तोंड प्रेक्षकांकडे राहणार की पाठ, हे ठरते. म्हणून दाराच्या जागी नुसती खुर्ची ठेवून भागत नाही. दार कसे उघडते हे पहिल्या दिवशी सर्वांना सांगावे लागते आणि कोणी रोजच्या सवयीने हवेत उलट दिशेला दार उघडले तर तेथल्या तेथे सुचवावे लागते.

हालचालींची नोंद हा दुसरा मोठा भाग. रंगमंचाचे नऊ भाग कल्पून, उजवे-डावे नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाच्या बाजूने धरून, कोण कोणत्या वाक्याच्या कोणत्या शब्दावर कोठून कोठे गेला हे संहितेच्या समोरच्या कोऱ्या पानावर लिहायचे असते. ही नोंद पेन्सिलनेच करावी, कारण पहिल्या पंधरवड्यात ती रोज बदलते. नवख्या सहायकाला वाटते की आपण दिग्दर्शकासाठी लिहीत आहोत. वास्तविक ती नोंद नटासाठी असते. दोन दिवसांच्या खंडानंतर तालीम सुरू झाली की दोन नटांना दोन वेगवेगळ्या जागा आठवतात आणि दोघेही प्रामाणिक असतात. त्या वेळी वाद न होता एका वाक्यात निर्णय व्हावा, यासाठी ती प्रत असते. मी उत्तर देताना ‘तू चुकलास’ असे कधी म्हणत नाही. ‘मंगळवारी आपण खिडकीपाशी थांबलो होतो’ एवढेच म्हणते. दिग्दर्शकाला हवे असेल तर तो बदलतो आणि मी खोडून नवे लिहिते.

संवादांतील बदलही त्याच प्रतीत येतात. महाराष्ट्रात नाटकाच्या सार्वजनिक प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. त्यामुळे तालमीत नटाने सुचवलेले, लेखकाने मान्य केलेले किंवा दिग्दर्शकाने कापलेले प्रत्येक वाक्य कोणत्या दिवशी कसे झाले, हे कोठेतरी एका ठिकाणी स्पष्ट असणे केवळ सोयीचे नव्हे, आवश्यक असते. ‘आता नक्की काय म्हणायचे?’ हा प्रश्न नटाने लेखकाला एकदा, दिग्दर्शकाला एकदा आणि सहकाऱ्याला एकदा विचारला की त्याला तीन उत्तरे मिळतात. मला विचारले की एक मिळावे.

आता प्रॉम्प्टिंगविषयी, म्हणजे अडलेल्या नटाला पुढचा शब्द देण्याविषयी, कारण या साऱ्या कामात मला सर्वांत जास्त जिव्हाळा त्याच गोष्टीचा आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी नाटक उभे केले तेव्हा सूत्रधार आख्यानातील पदे गात असे आणि पात्रे प्रसंगानुरूप आपल्या शब्दांत बोलत. तेथे ठरलेला शब्द विसरण्याचा प्रश्न फारसा उद्भवतच नव्हता. पुढे लिहून काढलेली गद्य नाटके आली, ज्यांना त्या काळी बुकिश नाटके म्हणत, आणि लेखकाचा शब्द जसाच्या तसा नटाच्या तोंडी येणे अपेक्षित झाले. संगीत नाटकांच्या काळात नाटक मंडळींत नटांकडून तालीम करून घेणारे तालीममास्तर असत. किर्लोस्कर मंडळीत गोविंद बल्लाळ देवल यांनी तेच काम करून नटांच्या एका पिढीला घडवले. आज तालीममास्तराचे काम दिग्दर्शकाकडे गेले आहे. परंतु नट आणि लिखित शब्द यांच्यामधली ती नाजूक जागा सांभाळणारा कोणीतरी आजही लागतो, आणि ती जागा सर्वांत नाजूक असते ती नटाने संहिता हातातून खाली ठेवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात.

हा आठवडा नटासाठी फार कठीण असतो. घरी आरशासमोर बिनचूक येणारे पाठांतर तालमीत सहकाऱ्याच्या डोळ्यांत पाहताच निसटते. कालपर्यंत चांगला वाटणारा प्रवेश अचानक कोसळतो आणि नटाला स्वतःविषयीच शंका येऊ लागते. अशा वेळी शब्द कसा दिला जातो यावर पुष्कळ काही अवलंबून असते. शब्द लगेच द्यावा, स्पष्ट द्यावा, आणि भावनाशून्य द्यावा. प्रॉम्प्टरने वाक्य अभिनयासह म्हटले तर नटाच्या कानात तो सूर बसतो आणि मग त्याला स्वतःचा सूर शोधणे जड जाते. शब्द देताना चेहऱ्यावर त्रासाची किंवा कौतुकाची कोणतीच छटा नसावी. आणि पूर्ण वाक्य देऊ नये. दोन-तीन शब्द पुरतात. मात्र ते कोणते, हे आधी ठरवून ठेवावे लागते. आपल्या बोलण्यात निम्मी वाक्ये ‘अहो पण’, ‘अगं मी काय म्हणते’, ‘म्हणजे बघ’ अशी सुरू होतात. अडलेल्या नटाला ‘अहो पण’ एवढेच दिले तर त्याच्या डोक्यात पाच वाक्ये एकदम उभी राहतात आणि तो अधिकच अडकतो. त्या वाक्याचा स्वतःचा असा जो पहिला शब्द असेल, तो द्यायला हवा. मी संहितेत असे शब्द आधीच अधोरेखित करून ठेवते. वाचनाच्या तालमी चालू असतात तेव्हा हे काम निवांत करता येते.

याहून अवघड आहे ते शब्द न देणे. नट थांबला आहे तो विसरल्यामुळे, की त्या क्षणी त्या पात्राला बोलवत नाही म्हणून, हे ओळखण्यासाठी पुस्तकात डोळे घालून बसणारा माणूस उपयोगाचा नाही. डोळे नटावर हवेत आणि संहिता जवळजवळ पाठ हवी. विरामात असलेल्या नटाचा श्वास चालू असतो, त्याची नजर सहकाऱ्यावर किंवा ठरलेल्या वस्तूवर असते, त्याच्या हातातील हालचाल पूर्ण होत असते. शब्द हरवलेल्या नटाची नजर आत वळते, श्वास अडतो, हात मध्येच थांबतो. हा फरक अर्ध्या सेकंदात टिपायचा असतो. चुकीच्या वेळी शब्द पडला तर त्या दिवशी पहिल्यांदाच सापडलेला, कदाचित सबंध नाटकातील सर्वांत खरा असा विराम तेथेच मोडतो आणि दुसऱ्या दिवशी तो परत येईलच असे नाही. म्हणून मी प्रत्येक नटाशी सुरुवातीलाच बोलून घेते. कोणी ‘लाइन’ म्हणून शब्द मागतो, कोणी चुटकी वाजवतो, कोणी सांगतो की कितीही वेळ लागू दे, मी मागेपर्यंत देऊ नकोस. एका ज्येष्ठ नटांनी पहिल्याच दिवशी मला जवळ बोलावून सांगितले होते, “बाळा, मी थांबलो की घाई करू नकोस. माझा उजवा हात नुसताच खिशाकडे गेला, तर समज की गाडी अडली आहे.” त्यांच्यासोबतच्या सर्व तालमींत मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत असे, आणि त्यांनी दिलेली ही खूण एकदाही फसली नाही.

पूर्ण प्रवेशाची तालीम सलग चालू असताना शब्दांच्या लहान चुकांसाठी मध्ये अडवायचे नसते. त्या टिपून ठेवायच्या आणि शेवटी ज्याच्या त्याला द्यायच्या. गाळलेला शब्द, बदललेला शब्द, मागेपुढे झालेले वाक्य आणि पदरची भर, या चारांतील शेवटचा प्रकार सर्वांत निरुपद्रवी दिसतो आणि सहकारी नटासाठी सर्वांत त्रासदायक असतो. मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद येते आणि समोरचा नट त्या शेवटच्या शब्दावर आपले वाक्य उचलायला सज्ज असतो. बोलणाऱ्याने वाक्य संपल्यावर एक ‘ना’, एक ‘हो की नाही’, एक ‘काय’ जोडला की समोरच्याची पकड सुटते. विनोदी नाटकात तर हशा ज्या शब्दावर यायचा तो शब्दच बुजतो. हे सांगताना चारचौघांत सांगू नये. मी प्रत्येकाच्या चिठ्ठ्या वेगळ्या लिहिते आणि हातात देते. ज्येष्ठ कलाकारांना तर मी आधी विचारते, “काका, शब्दांचे थोडे आहे, आत्ता बघायचे की उद्या आल्यावर?” आणि ते म्हणतील त्याप्रमाणे करते. यात नुसता मान राखण्याचा भाग नाही. तालीम संपल्यावर थकलेल्या माणसाच्या डोक्यात दुरुस्ती बसत नाही. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला दिली तर बसते.

मुंबईतील तालमींचे वेळापत्रक हा स्वतंत्र विषय आहे. व्यावसायिक नाटकातील बरेच नट दिवसा मालिकांच्या चित्रीकरणात असतात. चित्रीकरण गोरेगावच्या चित्रनगरीत असेल, मढ बेटावर असेल किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर असेल. तेथून दादर-माटुंग्याला पोहोचायला किती वेळ लागेल हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. दुसऱ्या बाजूला लहान भूमिका करणारी तरुण मंडळी डोंबिवली, विरार, पनवेलकडून आलेली असतात आणि त्यांना शेवटची लोकल चुकवून चालत नाही. रविवार मोकळा म्हणून दिवसभराची तालीम ठेवावी तर मेगाब्लॉक आडवा येतो. यावर उपाय एकच असतो: प्रवेश क्रमाने न घेता, कोण कधी येणार आणि कोणाला कधी निघायचे आहे यावरून त्यांचा क्रम लावणे. हे वेळापत्रक नीट केले तर नट वाट पाहण्यात शक्ती घालवत नाहीत. नीट केले नाही तर दोन ओळींची भूमिका असलेली मुलगी संध्याकाळी सहापासून रात्री दहापर्यंत कोपऱ्यात बसून राहते, आणि तिची पाळी येते तेव्हा तिच्यात काही उरलेले नसते. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो, कारण लहान भूमिकेतील नटाच्या वेळेला किंमत नाही असे आपण तिला न बोलता शिकवत असतो.

प्रमुख नट येऊ शकला नाही तर त्याच्या जागी उभे राहून वाचणे हेही माझ्याकडे येते. येथे नियम सोपा पण पाळायला कठीण आहे: अभिनय करायचा नाही. योग्य जागी उभे राहायचे, योग्य गतीने बोलायचे, शेवटचा शब्द स्पष्ट द्यायचा, आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी चालत जायचे. उपस्थित नटाला नजर ठेवायला एक जागा आणि वाक्य उचलायला एक शब्द मिळावा, इतकेच. मी रागावून बोलले तर तो माझ्या रागावर प्रतिक्रिया बांधतो आणि मूळ नट परतल्यावर ती प्रतिक्रिया अधांतरी राहते.

वस्तूंच्या बाबतीत माझा आग्रह असतो की खऱ्या वस्तू येईपर्यंतच्या पर्यायी वस्तूंचे निदान वजन तरी खरे असावे. भरलेली ट्रंक म्हणून रिकामी पेटी उचलण्याची सवय लागली की नटाचे खांदे खोटे बोलू लागतात, आणि ते प्रेक्षकांना शेवटच्या रांगेतूनही कळते. तांब्यात पाणी हवे, कपात काहीतरी गरम हवे, नऊवारी नेसायची असेल तर तालमीतही नऊवारीच हवी, कारण तिच्यातले बसणे-उठणे पंजाबी पोशाखात शिकता येत नाही. चपला-बूट तर सर्वांत आधी हवेत. टाचेची उंची बदलली की चाल बदलते आणि चाल बदलली की माणूस बदलतो. खाण्याच्या प्रसंगांना स्वतंत्र तालीम लागते. चकली, चिवडा, कोरडे पोहे अशा पदार्थांचा कण घशात अडकला की पुढचे वाक्य गेलेच समजावे. म्हणून दिसायला काहीही असले तरी तोंडात जाणारा घास मऊ, लहान आणि पटकन गिळता येणारा असावा लागतो, आणि कोणत्या वाक्याआधी घास घ्यायचा हे ठरवून संहितेत लिहावे लागते. मद्याच्या जागी आम्ही बिनदुधाचा गार चहा वापरतो. फसफसणारे पेय वापरायचेच असेल तर त्यातील वायू पूर्ण काढून टाकावा लागतो, कारण ढेकर येण्यासाठी लेखकाने जागा सोडलेली नसते.

मारहाणीचे आणि जवळिकीचे प्रसंग असले की पडद्यामागच्या माणसाची जबाबदारी वाढते. कोठे हात लागणार, कोठे नाही, कोणत्या आकड्यावर मान वळणार, कोण कोणत्या बाजूला पडणार, हे दिग्दर्शक आणि दोन्ही नटांच्या संमतीने ठरल्यावर मी शब्दशः लिहून ठेवते, आणि त्या दिवशीची पूर्ण तालीम सुरू होण्यापूर्वी तो प्रसंग एकदा निम्म्या गतीने करून घेते, कितीही उशीर झालेला असला तरी. अशा प्रसंगांच्या सुरुवातीच्या तालमींना खोलीत ज्यांचे काम आहे तेवढेच लोक असावेत. चहा आणणारा मुलगा, भेटायला आलेले मित्र, पुढच्या प्रवेशातील नट यांना बाहेर थांबवणे हे काम दिग्दर्शकाने करायचे नसते; तो करू लागला तर त्याचे लक्ष प्रसंगावरून उडते. ठरलेल्यापेक्षा वेगळे काही घडले आणि एखाद्या नटीच्या चेहऱ्यावर अस्वस्थता दिसली, तर तिला सर्वांसमोर विचारणे क्रूरपणाचे असते. तिच्याशी बाजूला बोलून, ती म्हणेल तसे दिग्दर्शकाच्या कानावर घालणे हे मी माझे कर्तव्य मानते.

प्रवेश रडण्याचा असो की संतापाचा, तो संपल्यावर नट लगेच भानावर येतो असे नाही. त्या क्षणी ‘तुमचा चष्मा टेबलावर राहिला होता’ अशी सूचना घेऊन जाणे टाळावे. ती सूचना दहा मिनिटांनी दिली तरी चालते.

वेळेची नोंद मात्र सलग तालमींच्या वेळी काटेकोर ठेवावी लागते. आज बहुतेक व्यावसायिक नाटके दोन अंकी असतात आणि नाट्यगृह सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांत मिळते. एका नाटकाचे नेपथ्य निघून दुसऱ्याचे लागायला मधला वेळ तुटपुंजा असतो. परंतु घड्याळाचा खरा उपयोग नटांना असतो. पहिला अंक एका आठवड्यात चार मिनिटांनी वाढला आणि संहितेत तर काहीच वाढले नाही, असे दिसले की विराम फुगत आहेत किंवा वाक्ये उचलण्यात ढिलाई आली आहे हे समजते. प्रत्येक प्रवेशाची वेगळी वेळ लिहिलेली असेल तर कोठे ते झाले हेही दाखवता येते, आणि दिग्दर्शकाला ‘गती वाढवा’ असे सर्वांना सरसकट सांगावे लागत नाही. सरसकट सांगितले की ज्याची गती योग्य होती तो नटही धावू लागतो.

रंगीत तालमीसाठी आपण नाट्यगृहात जातो तेव्हा तालमीच्या खोलीत कमावलेले बरेच काही पहिल्या तासात हरवल्यासारखे वाटते. दादरच्या शिवाजी मंदिराचा रंगमंच, विलेपार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहाचा रंगमंच आणि ठाण्याच्या गडकरी रंगायतनाचा रंगमंच यांची मापे, विंगांमधील (रंगमंचाच्या दोन्ही बाजूंच्या आडोशांमधील) जागा, आवाज पोहोचण्याची पद्धत वेगवेगळी आहे. त्यात बहुतेक निर्मात्यांना नाट्यगृहाचे एखादेच सत्र परवडते आणि त्यातला अर्धा वेळ नेपथ्य लावण्यात आणि दिवे बसवण्यात जातो. म्हणून अंधारातील हालचालींची तयारी मी तालमीच्या खोलीतच करून घेते. प्रवेश संपून अंधार झाल्यावर नटाला किती पावलांत विंगेत जायचे आहे हे आधी उजेडात मोजायचे, मग डोळे मिटून करायचे, मग खोलीचे दिवे घालवून करायचे. रंगमंचावर चमकणाऱ्या पट्टीचे तुकडे लावलेले असतातच, पण आधी पायांना वाट माहीत असलेला नट त्या पट्ट्या शोधत थांबत नाही. विंगेतील वस्तूंच्या टेबलावर मी कागद अंथरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा आखते आणि खाली नाव लिहिते. घाईत बाहेर आलेल्या नटाचा हात न बघता योग्य जागी जातो, आणि प्रयोगापूर्वी कोणती वस्तू आलेली नाही हे रिकाम्या रेषेवरून दुरूनच दिसते.

या कामाची प्रतिष्ठा मी प्रायोगिक रंगभूमीकडून शिकले. १९७०च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जी नाटके झाली, त्यांच्याविषयी आमच्या पिढीने ऐकले ते नट-दिग्दर्शकांबरोबरच सतरंज्या आणि खुर्च्या लावणाऱ्या, दिवे टांगणाऱ्या, तिकीट फाडणाऱ्या कार्यकर्त्यांच्या नावांसह ऐकले. १९७१ साली स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेची व्यवस्था अरुण काकडे यांनी अनेक दशके सांभाळली, आणि त्यांचे नाव मराठी रंगभूमीवर आदराने घेतले जाते ते याच पडद्यामागच्या कामासाठी. व्यावसायिक रंगभूमीवर परिस्थिती निराळी आहे. तेथे मोबदला ‘नाइट’वर ठरतो, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे. तालमीच्या महिन्याचे काही मिळालेच तर प्रवासखर्चापुरते मिळते. त्याचा परिणाम असा होतो की ज्याला पोट भरायचे आहे असा अनुभवी माणूस शेवटच्या आठवड्यात येतो आणि पहिले तीन आठवडे संहिता एखाद्या उत्साही, पण दर काही दिवसांनी बदलणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती राहते. मग प्रतीतील नोंदी तुटक राहतात, आणि त्याची किंमत नटांना मोजावी लागते. नेपथ्यावर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत एका माणसाचे महिन्याचे मानधन फार मोठे नाही. वाचनाच्या पहिल्या दिवसापासून या माणसाला पगारी नेमावे, ही मागणी मी प्रत्येक निर्मात्याकडे करते आणि काहींनी ती मान्यही केली आहे.

त्या प्रतीचे मोल शुभारंभानंतर सर्वाधिक कळते. नाटक चालले की शेकडो प्रयोग होतात आणि तेवढ्या काळात एखादा नट आजारी पडतो, एखादीचे बाळंतपण येते, एखाद्याला चित्रपट मिळतो. बदली कलाकाराला तयारीसाठी जेमतेम आठवडा असतो, दिग्दर्शक दुसऱ्या नाटकाच्या तालमीत गुंतलेला असतो, आणि बाकीचे नट आपापल्या सवयीने चालतात, त्यांना स्वतःच्या हालचाली शब्दांत सांगता येत नाहीत. अशा वेळी मी नव्या नटाला घेऊन आधी नुसती प्रत वाचते, मग पट्ट्या आखलेल्या फरशीवर त्याला एकट्याला चालवते, आणि शेवटचे दोन दिवस सर्वांसोबत तालीम लावते. त्याच्या शरीराला जी वळणे नैसर्गिक नाहीत ती दिग्दर्शकाला फोनवर विचारून बदलते आणि समोरच्या नटांना तसे आधी कळवते. जुन्या खुणा मात्र मी खोडत नाही. नव्या नटाच्या खुणा वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने शेजारी लिहिते, कारण मूळ नट दोन महिन्यांनी परत येणार असतो आणि त्याला त्याच्या जुन्याच जागा लागतात.